जर्मनीत राहायला जाताना: व्हिसाची फाईल आणि घराची किल्ली

घर भाड्याने घ्यायचं तर घरमालक पगाराच्या तीन पावत्या मागतो. पगार नीट हातात यायचा तर कर क्रमांक लागतो. कर क्रमांक पत्त्याची नोंदणी केल्यावर पोस्टाने येतो. आणि पत्त्याची नोंदणी करायची तर घर लागतं. जर्मनीत नव्याने पोचलेला प्रत्येक जण या चक्रात गरगरतो. मीही पुण्याहून श्टुटगार्टला आले तेव्हा दोन महिने गरगरले. माझी चूक अशी की व्हिसा हे एक काम आणि घर हे दुसरं काम, असं मी धरून चालले होते. व्हिसा लागला, पेढे वाटले, आता घराचं तिथे गेल्यावर बघू, असा हिशोब. प्रत्यक्षात ही दोन कामं एकमेकांत इतकी अडकलेली आहेत की व्हिसाचा अर्ज भरता त्याच आठवड्यात घराची तयारी सुरू करायला हवी.

खालचं सगळं नोकरीसाठी जाणाऱ्यांना धरून लिहिलंय, कारण ते मी स्वतः केलंय. विद्यार्थ्यांचे दोन-तीन मुद्दे वेगळे आहेत, ते ओघात सांगते.

व्हिसा कुठला, हे आधी पक्कं करा

नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर शेंगेन व्हिसा कामाचा नाही. त्याला राष्ट्रीय व्हिसा लागतो, बोलीभाषेत ‘डी व्हिसा’. "आधी टूरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घे" असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक कुटुंबात असतो. भारतीय पासपोर्टवर असं होत नाही. परत येऊन पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि मधला वेळ आणि पैसा वाया जातो.

पदवी आणि नोकरीचं ऑफर लेटर हातात असेल तर बहुतेकांसाठी ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधर नोकरदारांसाठीचा राहण्याचा परवाना, हा चांगला रस्ता. त्याला पगाराची किमान अट आहे आणि ती दर जानेवारीत बदलते. 2025 साली वर्षाला 48,300 युरो होती, 2026 साठी 50,700 युरो झाली. ज्या व्यवसायांत माणसं कमी पडतात (इंजिनिअर, आयटीवाले, डॉक्टर वगैरे) त्यांना, आणि पदवी घेऊन तीनच वर्षं झालेल्यांना ही अट खाली येते. 2026 साठी ती 45,934.20 युरो आहे. डिसेंबरात ऑफर घेऊन जानेवारीत अर्ज करणारे इथे फसतात. जुन्या अटीत बसणारा पगार नव्या अटीत तीनशे युरोंनी कमी पडतो. पगार काठावर असेल तर ऑफर लेटरवर सही करण्यापूर्वीच कंपनीच्या एचआरशी बोलून घ्या, नंतर बोलायला तोंड राहत नाही.

नोकरी नसताना शोधायला जायचं असेल तर जून 2024 पासून ‘चान्सनकार्टे’ नावाचं संधी-कार्ड आहे. त्यात गुण मोजतात, आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. विद्यार्थ्यांना ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (ज्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कमच काढता येते असं खातं) वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992, ठेवावे लागतात. शिवाय नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्राशिवाय (शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला) व्हिसाचा अर्जच करता येत नाही. ते यायला वेळ लागतो, म्हणून प्रवेशाचं पत्र येण्याची वाट न बघता आधीच अर्ज टाका.

पदवी आणि नावाची गंमत

तुमची पदवी जर्मनीत मान्य आहे का, हे ‘आनाबिन’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर बघायचं. दोन गोष्टी शोधायच्या: विद्यापीठाच्या नावापुढे ‘एच प्लस’ आहे का, आणि तुमची पदवी त्या यादीत आहे का. दोन्ही मिळाल्या की त्या पानांची प्रत काढून फाईलला लावा. एक जरी नसली तर बॉनच्या झेडएबी कार्यालयाकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. त्याची फी 208 युरो आहे. इथे लक्षात घ्या की कॉलेज नव्हे, विद्यापीठ शोधायचं असतं. अर्धे लोक आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं नाव टाकतात आणि सापडत नाही म्हणून घाबरतात.

आता नावाबद्दल. ही अडचण खास आपली आहे. आपल्याकडच्या मार्कशीटवर आणि पदवीवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी शेवटी आईचंही नाव. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात. पॅन कार्डवर तिसरंच काही, आणि लग्न झालेल्या बाईचं तर विचारूच नका: पदवी माहेरच्या नावाने, बँकेचं खातं सासरच्या नावाने. जर्मन अधिकाऱ्याला ‘मधलं नाव’ ही भानगड माहीत नसते. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी माणसं. म्हणून एक नियम करा: पासपोर्टवर अक्षर न् अक्षर जसं छापलंय तसंच नाव ऑफर लेटरवर, विम्यावर, अर्जावर, सगळीकडे. माझ्या ऑफर लेटरवर वडिलांचं नाव गाळलेलं होतं. मी ते दुरुस्त करून मागितलं तेव्हा एचआरच्या बाईंना मी जरा विचित्र वाटले असणार. पण नंतर आरोग्य विम्याचं कार्ड आणि पासपोर्ट जुळले ते त्यामुळेच.

लग्नाचं प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर त्याचं भाषांतर लागेल. नोंदणीच झालेली नसेल, नुसती पत्रिका आणि हॉलची पावती असेल, तर आजच महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा. आणि गल्लीतला एजंट "सगळ्या कागदांना अपॉस्टिल मारून देतो" (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून सरकारचा शिक्का) म्हणाला तर पैसे देण्याआधी वकिलातीच्या यादीत तसं काही मागितलंय का, ते वाचा. कुठला शिक्का कशासाठी, हे प्रत्येक देशाचं वेगळं असतं. दुबईला गेलेल्या मेव्हण्याचा अनुभव इथे उपयोगाचा नाही.

अर्ज

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचे अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातात. गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगडही तिच्याच हद्दीत. तुम्ही कोल्हापूरचे, पण नोकरीमुळे दोन वर्षं बंगळूरला राहत असाल, तर बंगळूरच्या वकिलातीकडे अर्ज करावा लागतो. तिथे राहत असल्याचा पुरावा जवळ ठेवा.

जानेवारी 2025 पासून राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवरून ऑनलाइन करता येतो. प्रश्नांची उत्तरं द्यायची, कागद चढवायचे, आणि तपासून झालं की मूळ कागद, बोटांचे ठसे आणि फी यांसाठी प्रत्यक्ष जायचं. फी प्रौढांना 75 युरो, रुपयांत भरायची. कागद चढवताना प्रत्येक फाईलला समजेल असं नाव द्या. ‘स्कॅन_0017’ उघडून तो कशाचा कागद आहे हे शोधायला तिकडच्या माणसाला वेळ नसतो.

फाईलमध्ये काय काय लागतं ते थोडक्यात: दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, 35 बाय 45 मिलिमीटरचे फोटो, नोकरीचा करार, कंपनीने भरून सही केलेला नोकरीच्या माहितीचा फॉर्म, पदवी आणि मार्कशीट, आनाबिनच्या प्रती, बायोडेटा, आणि पोचल्या दिवसापासून नोकरी सुरू होईपर्यंतचा आरोग्य विमा. शेवटचा लोक विसरतात. नोकरी सुरू झाली की सरकारी विमा लागू होतो हे खरं, पण तुम्ही 20 तारखेला उतरणार आणि नोकरी 1 तारखेला लागणार असेल तर मधल्या दहा-अकरा दिवसांचं काय? तेवढ्यासाठी वेगळा विमा काढायचा.

घाई असेल तर ‘जलद कुशल कामगार प्रक्रिया’ नावाचा एक रस्ता आहे. तिथली कंपनी तुमच्या वतीने स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करते, 411 युरो फी भरते, आणि मंजुरीचं पत्र आलं की वकिलातीने तीन आठवड्यांत भेटीची वेळ द्यायची आणि त्यानंतर तीन आठवड्यांत निर्णय घ्यायचा, असा नियम आहे. हे तुम्ही स्वतः करू शकत नाही, कंपनीनेच करायचं असतं. विचारायला मात्र पैसे पडत नाहीत.

नकार आला तर पूर्वी ‘रेमोन्स्ट्रात्सिओन’ म्हणजे फेरविचाराचा साधा अर्ज करता यायचा. जुलै 2025 पासून तो बंद झाला. आता एक तर नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या कोर्टात जायचं. त्यामुळे पहिला अर्जच नीटनेटका हवा.

व्हिसा हातात आला की काउंटरवरून हलण्यापूर्वी स्टिकर वाचा. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, सुरू होण्याची तारीख आणि खाली जर्मनमध्ये लिहिलेली नोकरीबद्दलची ओळ. विमानाचं तिकीट त्यानंतर काढा.

पैशाचा हिशोब, जो कोणी सांगत नाही

जर्मनीत पगार महिन्याच्या शेवटी होतो. म्हणजे पहिले चार-पाच आठवडे स्वतःच्या खिशातून. आता घराचं गणित बघा. समजा तुम्हाला दोन खोल्यांचं घर मिळालं, त्याचं ‘काल्टमिटे’ म्हणजे थंड भाडं 900 युरो. त्यावर ‘नेबेनकोस्टेन’ 220 युरो: हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा असं सगळं. दोन्ही मिळून ‘वार्ममिटे’, गरम भाडं, 1,120 युरो. वीज आणि इंटरनेट बहुधा यात नसतं. डिपॉझिट जास्तीत जास्त थंड भाड्याच्या तिप्पट घेता येतं, म्हणजे इथे 2,700.

पुण्यात डिपॉझिट एकरकमी देण्याची आपल्याला सवय असते. जर्मन कायद्यात भाडेकरूला ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क आहे आणि पहिला हप्ता घराचा ताबा घेताना द्यायचा असतो. मालक एकरकमी मागतो तेव्हा आपण घाबरून देऊन टाकतो. द्यायचं की नाही ते तुमच्यावर. पण हक्क आहे, एवढं माहीत असावं. या उदाहरणात हप्त्याने दिलं तर पहिल्या महिन्यात 2,020 युरो बाहेर जातात, एकरकमी दिलं तर 3,820. सोयीसाठी युरोला शंभर रुपये धरा आणि फरक बघा.

माझं मत विचाराल तर एकट्या माणसाने पाच हजार युरो तरी हाताशी ठेवावेत. सगळे रोख नव्हेत. थोडे फॉरेक्स कार्डावर, थोडे भारतातल्या खात्यातून पाठवता येतील असे. आणि निघण्यापूर्वी बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं खातं) करायचं काय ते विचारून या, परदेशी राहायला गेल्यावर साधं खातं तसंच चालू ठेवता येत नाही.

पहिलं घर तात्पुरतं, पण नोंदणी होईल असंच

सगळ्या लेखातला एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. भारतात बसून कायमचं घर शोधू नका, मिळत नाही. मिळालं असं वाटलं तर बहुतेक वेळा ती फसवणूक असते. एक ते तीन महिन्यांसाठी सामानासकट तात्पुरतं घर किंवा शेअरिंगमधली खोली घ्या. पण पैसे भरण्यापूर्वी मालकाला लेखी विचारा: "या पत्त्यावर आन्मेल्डुंग करता येईल का? वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग द्याल का?"

आन्मेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी. दुसरा आगगाडीएवढा शब्द पाठ करा. अर्थ साधा आहे: ‘हा माणूस माझ्या घरात राहायला आलाय’ असं घरमालकाने सही करून दिलेलं पत्र. 1 नोव्हेंबर 2015 पासून पत्त्याच्या नोंदणीला ते सक्तीचं आहे. नुसता भाडेकरार चालत नाही.

मी हे विचारलं नव्हतं. फोटोत सुंदर दिसणारं घर, बाल्कनीत जिरेनियमच्या कुंड्या, मी सहा आठवड्यांचे पैसे भरून मोकळी. पोचल्यावर मालकीणबाईंना पत्र मागितलं तर म्हणाल्या, "नाही, हे पाहुण्यांसाठीचं घर आहे, नोंदणी नाही." झालं. नोंदणी नाही म्हणून कर क्रमांक नाही, आणि कर क्रमांक नाही म्हणून पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सर्वांत जास्त, कर कापला गेला. पगाराची पावती बघून मी बसस्टॉपवरच बसले. तो पैसा नंतर परत मिळतो, पण तेव्हा बाजारहाटाला लागतो त्याचं काय?

तात्पुरती घरं शोधायला ‘वेगे-गेझुख्ट’ ही साइट चालते, तिथे शेअरिंगच्या खोल्या जास्त. शहरातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज टाकाच. कोणी तरी तीन महिन्यांसाठी भारतात चाललेलं असतं आणि त्याला घर सांभाळायला माणूस हवं असतं. त्याने पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी घेतलीय ना, एवढं विचारा.

फसवणुकीचा नमुना अगदी ठरलेला आहे. मोक्याच्या जागी सुंदर घर, भाडं निम्मं. मालक ‘सध्या लंडनला’ असतो, इंग्रजी गोड लिहितो, स्वतःच्या पासपोर्टची प्रत आपणहून पाठवतो आणि म्हणतो, डिपॉझिट भरा, किल्ली कुरिअरने येईल. घर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

आन्मेल्डुंग

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची, असा कायदा आहे. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळायलाच त्याहून जास्त दिवस लागू शकतात, म्हणून वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. सकाळी लवकर साइट उघडली तर कोणी रद्द केलेली वेळ मिळून जाते.

जाताना पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि ते आगगाडीपत्र. लग्न झालेलं असेल तर प्रमाणपत्र भाषांतरासह. फॉर्मवर धर्माचा रकाना असतो आणि तो केवळ माहितीसाठी नसतो. तिथे रोमन कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की चर्चचा कर सुरू होतो: आयकराच्या 9 टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-वुर्टेमबर्ग या दोन राज्यांत 8 टक्के. वसईची माझी एक मैत्रीण विचार न करता लिहून आली आणि पगाराच्या पावतीवर नवी ओळ बघून चकित झाली. तिने पुढे तो कर देणं पसंत केलं, तिचा प्रश्न. पण माहीत असून दिलेला बरा.

नोंदणी दहा मिनिटांत होते. कर क्रमांक त्यानंतर काही आठवड्यांनी पत्राने येतो. पत्राने म्हणजे खरोखर कागदी पत्राने, आणि ते पत्र येण्यासाठी पत्रपेटीवर तुमचं नाव लागतं. फ्लॅट नंबर ही गोष्ट जर्मनीत बहुतेक ठिकाणी नसते. पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो, नाव नसेल तर परत पाठवतो. पहिल्या दिवशी कागदाच्या कपट्यावर आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवा, पाटी सावकाश करा.

नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येईल: घरटी महिन्याला 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. फसवणूक समजून फेकून देऊ नका, खरं असतं ते. एकत्र राहणाऱ्यांपैकी एकानेच भरायचं असतं.

कायमचं घर शोधताना

आता पत्ता आहे, बँकेचं खातं आहे, पगाराच्या पावत्या जमायला लागल्यात. ‘इमोबिलिएनस्काउट24’, ‘इमोवेल्ट’ आणि ‘क्लाइनआन्त्साइगेन’ या साइटवर रोज बसायचं. जाहिरात वाचायची म्हणजे आधी खोल्या मोजायला शिकायचं: स्वयंपाकघर आणि बाथरूम मोजत नाहीत, हॉल मोजतात. म्हणजे आपला वन बीएचके तिथे दोन खोल्यांचं घर. ‘ईबीके’ लिहिलं असेल तर स्वयंपाकघर बसवलेलं आहे. नसेल तर तिथे चार भिंती आणि पाण्याचा पाइप, बाकी काही नाही. ओटा, सिंक, शेगडी सगळं आपलं. कधी आधीचा भाडेकरू त्याचं स्वयंपाकघर तुम्हाला विकतो, त्याला ‘आबलोसं’ म्हणतात. भाव करता येतो, करावा. छताला दिवेसुद्धा नसतात, नुसत्या लोंबणाऱ्या वायरी. किल्ली मिळालेल्या संध्याकाळी मी मोबाईलच्या उजेडात डाळ-भात जेवले.

घरमालकाला पाठवायचा मेसेज जर्मनमध्येच हवा आणि छोटा हवा. माझा मराठीत सांगायचा तर असा होता: "नमस्कार श्रीमती अमुक, तुमचं घर मला आवडलं. मी 31 वर्षांची आहे, अमुक कंपनीत कायमस्वरूपी नोकरीला आहे, हातात येणारा पगार इतका. मी धूम्रपान करत नाही, प्राणी पाळत नाही, वाद्य वाजवत नाही. पुढच्या वर्षी माझा नवरा येईल, तोवर एकटीच राहीन. कागद तयार आहेत. बघायला कधी येऊ?" भाषांतराच्या अॅपमधून काढा आणि ऑफिसातल्या जर्मन माणसाला एकदा दाखवा. मी शंभरावर मेसेज पाठवले, नऊ ठिकाणी बोलावणं आलं.

बघायला जाताना कागदांची फाईल बरोबर न्यायची: तीन पगारपावत्या (नसतील तर नोकरीचा करार), पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, भरलेला माहिती फॉर्म, आधीच्या मालकाकडून ‘भाडं थकलेलं नाही’ असं पत्र, आणि शूफा. शूफा म्हणजे आपला सिबिल. नव्याने आलेल्याचा शूफा कोराच असतो, कोरा म्हणजे वाईट नव्हे. तसं मालकाला आपणहून सांगा आणि करार पुढे करा. ‘हाफ्टफ्लिष्ट’ हा दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा विमा आधीच काढून ठेवला तर मालकावर छाप पडते, वर्षाला फार पैसे लागत नाहीत.

पहिल्या घराला जिन्यावर रांग होती, मी सतरावी. आतल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही फार तिखट-वासाचं शिजवता का?" मी खरं सांगितलं: फोडणी रोज, पण खिडकी उघडून आणि चिमणी लावून. ते घर मिळालं नाही. पुढच्या ठिकाणी न विचारताच मी वायुवीजनाबद्दल बोलले आणि म्हातारे मालक खूश झाले, कारण जर्मन मालकाची खरी भीती मसाल्याची नसते, भिंतीला येणाऱ्या बुरशीची असते. हिवाळ्यात बंद घरात कुकरची वाफ आणि वाळत घातलेले कपडे म्हणजे कोपऱ्यात काळे डाग आणि डिपॉझिटमधून कपात. दिवसातून दोन-तीनदा, थंडी कितीही असो, पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या. करारातही ते लिहिलेलं असतं.

घर एजंटमार्फत असेल तर दलाली तुम्ही द्यायची नाही. 1 जून 2015 पासून ज्याने एजंट बोलावला त्यानेच पैसे द्यायचे, आणि तो बहुतेक वेळा मालक असतो. ‘फाईल फी’, ‘घर दाखवण्याची फी’ असं काही मागितलं तर नम्रपणे नाही म्हणा.

करार आणि किल्ली

जर्मन भाडेकरार आपल्यासारखा अकरा महिन्यांचा नसतो. बहुधा मुदतच नसते. भाडेकरूला सोडायचं असेल तर तीन महिन्यांची नोटीस, महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत मालकाच्या हातात पोचलेली, कागदावर, शाईच्या सहीने. ईमेल चालत नाही. करारात ‘किमान इतकी वर्षं सोडणार नाही’ असं कलम आहे का बघा; चार वर्षांपर्यंत असं बांधून घेता येतं. ‘स्टाफेलमिटे’ असेल तर भाडं ठरलेल्या टप्प्यांनी वाढणार, ‘इंडेक्समिटे’ असेल तर महागाईच्या निर्देशांकाबरोबर. कळत नसेल तर शहरातल्या भाडेकरू संघाचे सभासद व्हा, ‘मीटरफेराइन’ म्हणतात त्याला. त्यांचे वकील करार वाचून सांगतात.

किल्ली घेताना ताबापत्रक भरतात. लाजायचं नाही. मी खाली बसून पार्केटवरचा, म्हणजे लाकडी जमिनीवरचा, प्रत्येक ओरखडा लिहायला लावला, बाथरूमच्या फरशीवरची चीर, खिडकीची सैल मूठ, सगळं. मीटरचे आकडे, किल्ल्या किती, फोटो. मालक माझ्याकडे बघून हसत होते, पण सही केली.

आणि श्टुटगार्टकडे येणार असाल तर केरवोखे! आपला नंबर आला की शेजारी दारावर एक छोटी पाटी अडकवून जातो. त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा तुम्ही. मुंबई 1968 पासून श्टुटगार्टचं भगिनी शहर आहे म्हणे, ही प्रथा मात्र तिकडे पोचलेली दिसत नाही.

व्हिसा संपण्याआधी, आणि नवरा-बायको

पासपोर्टवरचा व्हिसा हा नुसता प्रवेश आहे. तो संपण्यापूर्वी ‘आउसलेंडरबेहोर्डे’ म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयातून राहण्याचा परवाना, प्लास्टिकचं कार्ड, घ्यावं लागतं. नोंदणी झाली की लगेच अर्ज टाका. उत्तर यायला महिने लागू शकतात, पण मुदतीत अर्ज केला असेल तर तात्पुरतं पत्र मागता येतं. शहर बदललं की कार्यालय बदलतं आणि तुमची फाईलही हलते, म्हणून अर्ज चालू असताना शक्यतो दुसऱ्या शहरात घर घेऊ नका.

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मन भाषेची ए1 परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्या दिवसापासून नोकरी करता येते. दोघांचा अर्ज एकत्रही करता येतो. आम्ही मुद्दाम मागे-पुढे केला, कारण तात्पुरत्या खोलीत दोघं मावणार नव्हतो. जोडीदार येणार असेल तर मालकाला आधीच लेखी कळवा, कारण माणसं वाढली की नेबेनकोस्टेन वाढतं. आणि त्याच्या नोंदणीसाठी ते आगगाडीपत्र पुन्हा नव्याने लागतं.

नवरा आला तेव्हा मी सगळं आधीच तयार ठेवलं होतं: पत्र, भेटीची वेळ, विमा. तरी त्याचं आरोग्य विम्याचं कार्ड तीन आठवडे आलं नाही. फोन केला तर कळलं, दोनदा पाठवलं आणि दोनदा परत गेलं. लग्नानंतर मी आडनाव बदललेलं नाही, आणि पत्रपेटीवर फक्त माझंच होतं. त्याने पाकिटाच्या पाठीमागचा कोरा कागद फाडला, त्यावर त्याचं आडनाव लिहिलं आणि माझ्या पाटीखाली चिकटवलं.